अर्धी वाटी मलई

माझ्या हाताखालचे लोक मला पाठीमागे ‘प्लंबरबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होत नाही, कारण माझी जीभ कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाव चुकीचं नाही. माणसाच्या आत कुठे गळतंय ते शोधायचं आणि बंद करायचं, एवढंच मी करते. त्यातही रक्ताची गळती नाही. ती शोधणारे पुष्कळ आहेत. मी शोधते ती लसिकेची गळती. आपण खाल्लेलं तेल, लोणी, साय आतड्यातून उचलून रक्तापर्यंत नेणारी एक नळी असते. पोटातून निघते, मणक्याला टेकून छातीतून वर चढते आणि मानेपाशी रक्तात रिकामी होते. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड आणि जवळजवळ पारदर्शक. ऑपरेशन करणाऱ्याला ती दिसत नाही, आणि सुरी लागली तरी तेव्हा कळत नाही. कळतं मागाहून, छातीत घातलेल्या नळीतून पिशवीत पांढरं यायला लागतं तेव्हा.

वॉर्डात त्याला सरळ ‘दूध’ म्हणतात. दिसतं तसंच. पण दूध पिशवीत जातं म्हणजे माणूसच थोडा थोडा पिशवीत जात असतो.

लोक सेवाभावाने डॉक्टर होतात म्हणे. मी रागाने झाले.

माझा दादा शाळेत खेळ शिकवायचा. गळ्यात शिट्टी, पायात सदानकदा धुळीने माखलेले बूट, आणि जेवायला बसला की आईने वाढून वाढून थकावं असा आहार. आई एका वसतिगृहात स्वयंपाकीण होती. शेकडो पोरांना जेवू घालून घरी आली तरी दादाला स्वतःच्या हाताने गरम वाढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दादाच्या छातीत, हृदयाच्या मागे एक गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सरबिन्सर काही नाही. मोठ्या सरांनी ती काढली. मोठे सर म्हणजे शहरातल्या निम्म्या सर्जनांना सुरी धरायला शिकवलेला माणूस. मी तेव्हा मेडिकलला नुकतीच लागले होते आणि मोठे सर समोरून गेले तर भिंतीला चिकटून उभी राहायचे.

ऑपरेशननंतर दादाच्या पिशवीत दूध आलं. सरांनी त्याचं खाणं बंद केलं, सगळं शिरेतून सुरू केलं. पिशवीतलं पांढरं गेलं, फिकट पिवळं पाणी यायला लागलं. “बंद झाली गळती,” सर म्हणाले. मग तपासणी केली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात किरणोत्सारी औषध टोचलं आणि ते वर कुठवर जातं ते बघायला दादाला मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवलं. उपाशीच. कॅमेऱ्याला काही दिसलं नाही. छातीतली नळी काढली, टाका घातला, दादा घरी आला. आईला काय आनंद झाला! लोण्यात परतलेले बटाटे, साय घातलेलं दूध, तो मागेल ते. दादाने मागून मागून खाल्लं. आणि त्याच आठवड्यात त्याला दम लागायला लागला, ओठ निळे पडले. छाती पुन्हा दुधाने भरली होती.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या मार्गिकेत, दहा माणसं ऐकत असताना, मोठे सर आईला म्हणाले, “ऑपरेशन उत्तम झालं होतं. तुम्ही खायला घालून घालून मारलंत त्याला.” दादा तेव्हा जिवंत होता. पण वाळत वाळत गेला, आणि गेला तेव्हा त्याच्या हाताची शीर सापडत नव्हती, इतका वाळला होता.

आईने वसतिगृहाची नोकरी सोडली. आमच्या घरात तेव्हापासून तेलाचा थेंब नाही की लोण्याची चव नाही. सगळं उकडलेलं. मी पंचविशी-तिशी उकडलेल्या भाज्यांवर काढली, त्यामुळे जीभ अशी झाली असेल असं माझे सहकारी म्हणतात. आई कोणाच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढत नाही. भांडं पुढे सरकवते आणि म्हणते, “तुझं तू घे.” माझ्यासुद्धा.

उपाशी माणसाची गळती लपते, हे मी या शाखेत आल्या आल्या शिकले. खाल्लेलं नाही तर नळीतून वाहायला काही नसतं. पाणी बंद केलेल्या घरातला फुटका पाइप कोरडाच दिसतो. भोक तिथेच असतं. हे मी आईला सांगितलं, चित्रं काढून दाखवलं, भांडून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तू माझी लेक आहेस गं. तू माझीच बाजू घेणार. ते केवढे मोठे डॉक्टर होते!” माझ्या सगळ्या पदव्यांचं तिच्यापुढे पोतेरं झालं.

मग एक दिवस मोठ्या सरांचा चेला माझ्या खोलीत आला. चेला म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसलेला सर्जन. माणूस वाईट नाही, पण सरांचं नाव निघालं की उभा राहतो.

“सरांच्या फुप्फुसाचा तुकडा काढला मी,” तो म्हणाला. “गाठ होती. नंतर थोडं दूध आलं.”

“थोडं?”

“बऱ्यापैकी. पण उपाशी ठेवलंय, शिरेतून सगळं चालू आहे. आता पिशवी एकदम स्वच्छ आहे. तुम्ही फक्त एकदा तपासणी करून ‘काही दिसत नाही’ म्हणा. मी नळी काढतो, सर घरी जातील.”

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो आनंदाचा होता. मला काहीही करायचं नव्हतं! खोटं बोलायचं नव्हतं, चुकीची सुई मारायची नव्हती. उपाशी पोटी तपासणी करायची, पडद्यावर काही दिसणार नाही, तसं सांगायचं. नळी निघेल, सर घरी जातील, चांगलंचुंगलं खातील. जसं दादाचं झालं तसं. तोच रस्ता, तीच पावलं, आणि माझ्याकडे कोणी बोटही दाखवणार नाही.

“उद्या घेऊ,” मी म्हटलं. त्या दिवशी मी जिन्याने खाली उतरताना शीळ घालत होते असं लिफ्टवाला नंतर म्हणाला.

तपासणीआधी पेशंटला भेटून सगळं समजावून सांगावं लागतं. मी संध्याकाळी सरांच्या खोलीत गेले. खिडकीशी पलंग, उशाशी वर्तमानपत्रांची चळत, पलंगाला टांगलेली पिशवी. आत फिकट पिवळं पाणी. माणूस निम्मा झाला होता. पण आवाज तोच.

“या. तुम्हीच का त्या गळती शोधणाऱ्या? नाव ऐकलंय.”

मला ओळखलं नाही. दादाचंच आडनाव मी लावते, तरी ओळखलं नाही. मी काय काय करणार ते सांगायला लागले: जांघेतल्या गाठीत बारीक सुई, तिच्यातून तेलातलं औषध, ते लसिकेच्या वाटेने वर चढताना एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

“ते मला माहीत आहे. हा आमचा गाढव म्हणतो गळती बंद झाली. अहो, उपाशी माणसाची पिशवी स्वच्छच असणार! रिकाम्या पोटी तुम्हाला काय कप्पाळ दिसणार आहे? सकाळी मला मलई द्या वाटीभर. पिशवी पांढरी होते की नाही बघा. झाली, तर दुपारी शोधा भोक. आधी मलई, मग तपासणी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलंगाची दांडी मी इतकी घट्ट धरली की सिस्टरने माझ्या हाताकडे बघितलं.

“सर, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यापासून. माझ्या सरांनीच शिकवलं मला. यात नवीन काय आहे?”

म्हणजे चूक नव्हती. मी इतकी वर्षं निदान एवढं धरून चालले होते की त्याला कळलं नसेल, त्या काळी कोणाला कळत नसेल. त्याला माहीत होतं. दादाला उपाशी तपासायला पाठवलं ते मुद्दाम. काही दिसू नये म्हणून पाठवलं. आणि आईवर खापर फोडलं तेही सगळं माहीत असून फोडलं.

त्या क्षणापर्यंत मला हा माणूस मेलेला हवा होता. आता ते फार कमी वाटायला लागलं. मेला असता तर दोन दिवसांनी पेपरात फोटो आला असता, सभागृहात हार घातला असता, आणि आई तशीच उकडलेलं खात बसली असती. मला त्याचा जीव नको होता, त्याचं तोंड हवं होतं. त्या तोंडातून निघालेलं एक वाक्य.

“मलई देते,” मी म्हटलं. “उद्या सकाळी.”

घरी आले तेव्हा आई ओट्याशी दुधी किसत होती. मी आडपडदा ठेवला नाही. “मोठे सर आमच्याकडे आहेत,” मी म्हटलं.

तिचा हात थांबला. “काय झालंय त्यांना?”

“दादाला झालं होतं तेच. सकाळी मलई भरवायची आहे.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, मेला तर मरू दे. किंवा रडेल. तिने किसणी खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. “वेडी झालीस का? मलई? मरेल ना तो! सोन्या, असं करू नकोस. कितीही झालं तरी खाऊ घालून कोणाला मारू नये. मला माहीत आहे ते काय असतं.”

मला हुंदका आला. तो मी गिळला, कारण त्या वेळी रडले असते तर राग वाहून गेला असता, आणि तो मला सकाळपर्यंत पुरवायचा होता.

“मग तू ये,” मी म्हटलं. “तूच विचार त्यांना, चालेल का म्हणून. ते नको म्हणाले तर नाही देणार.”

“मी येते,” आई म्हणाली. “माझ्यासमोर कोणी देऊन तर दाखवू दे.”

सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून आली. खोलीत सर होते, चेला होता, पिशवी बघायला आलेली सिस्टर होती. मी बसायला खुर्ची दिली आणि मलईची वाटी आईच्या हातात ठेवली. पेशंटला बाहेरच्या माणसाने भरवणं कोणत्याही नियमात बसत नाही. मला माहीत आहे. त्या दिवशी मला नियम कोणी विचारले नाहीत, आणि विचारले असते तर ऐकून घेतलं नसतं.

“या कोण?” सरांनी विचारलं.

“घाबरल्यात,” मी म्हटलं. “म्हणतात, मलई दिली तर तुम्ही मराल. तुम्हीच समजावून सांगा, माझं ऐकत नाहीत.”

सर खूश झाले. माणसाला आयुष्यभर शिकवायची सवय असली की असा प्रश्न म्हणजे पर्वणी. ते उशीला टेकून नीट बसले. आई वाटी दोन्ही हातांनी धरून उभी होती, बसली नव्हती. मी तिच्या मागे उभी राहिले.

“आजी, कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

“एका मोठ्या डॉक्टरांनी.”

“मग तो डॉक्टर एक नंबरचा गाढव असणार.” ते हसले. चेलाही हसला, सर हसले की तो हसतो. “हे बघा. खाण्याने काही होत नाही. भोक आधीच पडलेलं असतं. उपाशी असलं की ते लपतं, खाल्लं की उघडं पडतं, बस्स. खाणाऱ्याचा काही दोष नाही आणि भरवणाऱ्याचा तर मुळीच नाही.”

“मग भोक कशाने पडतं?” आईने विचारलं.

सरांनी चेल्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला. “सुरीने, आजी. सर्जनच्या सुरीने.”

आईने वाटी छातीशी धरली. “मग मला असं का सांगितलंत?” ती म्हणाली. “मी खायला घालून मारलं म्हणून का सांगितलंत मला?”

सरांना आधी कळलंच नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या कोटावरच्या नावाकडे बघितलं. मी म्हटलं, “शाळेत खेळ शिकवायचा तो. हृदयामागे गाठ होती. तुम्ही त्याला उपाशी तपासायला पाठवलंत.”

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं मी हा चेहरा मनात रंगवला होता, आणि खरा चेहरा त्याहून चांगला निघाला. म्हाताऱ्याची हनुवटी लटपटायला लागली. “तुम्ही जरा बाहेर जा,” ते चेल्याला म्हणाले.

चेला जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सरांचं ऐकलं नाही. सिस्टरही पिशवीवर वाकून उगाच आकडे बघत राहिली.

“सर,” मी म्हटलं, “आईने काहीतरी विचारलंय.”

“माझ्या हातून कापली गेली,” सर भिंतीकडे बघत म्हणाले. “पिशवीत दूध दिसलं तेव्हाच मला कळलं होतं. त्या वर्षी मी विभागप्रमुख होणार होतो. तपासणीत गळती दिसली असती तर…”

“तिच्याकडे बघून सांगा.”

त्यांनी मान वळवली. “बाई, तुमच्या मुलाला मी मारलं,” ते म्हणाले. “तुम्ही नाही. मला माफ करा.”

आई खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ही ‘जाऊ द्या’ म्हणणार, कारण आई तशी आहे, मुंगी मेली तरी हळहळणारी. मी मनातल्या मनात ओरडत होते, आई, नको, हे एक देऊ नकोस त्याला. तिने पदराने तोंड पुसलं. चमच्यात मलई घेतली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली.

“खा,” ती म्हणाली.

सरांनी तोंड उघडलं. दुसरा चमचा, तिसरा. अर्धी वाटी झाली तेव्हा त्यांनी मान फिरवली, पुरे म्हणून हात केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घास घशात फिरत होता.

“अजून अर्धी आहे,” आई म्हणाली. “माझ्या मुलाने सगळी संपवली होती. वर आणखी मागून घेतली होती. माझ्याकडे बघून खा. इकडेतिकडे बघू नका.”

त्यांनी शेवटच्या चमच्यापर्यंत तिच्याकडे बघून खाल्लं. वाटीच्या कडा चमच्याने निपटून तिने त्याही भरवल्या. मग वाटी सिस्टरच्या हातात दिली आणि मला म्हणाली, “चल, मला रिक्षात बसवून दे.” माफीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

दुपारपर्यंत पिशवी पांढरीफटक झाली. मी सरांना टेबलावर घेतलं. जांघेतल्या गाठीत सुई घातली आणि तेलाचं औषध थेंबाथेंबाने सोडलं. ते औषधही शेवटी तेलच असतं. पडद्यावर काळे ठिपके एकामागून एक वर चढत गेले, ओटीपोटातून कमरेशी, कमरेतून मणक्याच्या कडेने. सर शुद्धीत होते. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. छातीच्या मध्यावर ठिपक्यांची रांग मोडली आणि काळं बाजूला पसरायला लागलं.

“ते बघा,” मी म्हटलं. “असं दिसतं. दादाचंही असंच दिसलं असतं.”

त्यांचे डोळे मिटायला लागले तेव्हा मी म्हटलं, “बघा, सर,” आणि त्यांनी उघडले. मग मी पोटातून लांब सुईने लसिकेची नळी गाठली, तारेवरून बारीक कॅथेटर वर नेला, भोकाच्या जागी तारेची वेटोळी आणि डिंकासारखं औषध भरून वाट बुजवून टाकली. रागावले की माझा हात सगळ्यात स्थिर असतो. काम इतकं स्वच्छ झालं की चेला “वा!” म्हणाला आणि लगेच गप्प बसला. पुढच्या महिन्यातल्या सगळ्या सर्जनांच्या बैठकीत ही केस तो मांडणार आहे, दादाच्या केससकट. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून विचारलं, चालेल का म्हणून. मी म्हटलं, “धावेल.”

गळती थांबली. मलई देऊन पुन्हा बघितलं तरी पिशवीत पांढरं आलं नाही. सरांना सगळं खायची परवानगी मिळाली. आणि मग सिस्टरचा फोन आला: “मॅडम, सर जेवत नाहीत. ताट समोर आलं की तोंड फिरवतात. घास उतरत नाही म्हणतात. काय करू?”

“काही करू नका,” मी म्हटलं. “गळती पक्की बंद आहे. जगतील पुष्कळ. आणि रोज दोनदा ताट समोर येणारच आहे.”

घरी पोचले तर जिन्यातच वास आला. शेजारणीने दार उघडून विचारलं, “तुमच्याकडेच ना?” तिचा विश्वास बसत नव्हता, माझाही बसत नव्हता. आई ओट्याशी उभी होती, कढईत बटाटे लोण्यात तडतडत होते आणि ती त्यांच्यावर ओरडत होती, लाल व्हा की लवकर म्हणून. टेबलावर माझ्या ताटाशेजारी दादाचं ताट मांडलं होतं.

“बैस,” ती म्हणाली. मी भांड्याकडे हात नेला तर तिने चापट मारली. “मी वाढते.”

मी बसले. तिने बटाटे वाढले, आधी दादाच्या ताटात, मग माझ्या.

“तो जेवला का?” तिने पाठ न वळवता विचारलं.

“नाही. घास उतरत नाही म्हणतात.”

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि माझ्या बटाट्यांवर लोण्याचा आणखी एक गोळा घातला.